मानकऱ्यांच्या चौदा स्लाइड

आमच्या थोरल्या दिरांइतका तापट माणूस उभ्या मावळात सापडायचा नाही. माणसं बांधावरून भांडतात, पाण्यावरून भांडतात. हे स्लाइडवरून भांडतात. देहूरोडच्या लष्करी डेपोत नव्या कामगारांना शिकवायच्या खात्यात यांची नोकरी झाली. प्लॅस्टिकच्या कागदावर शाईनं लिहून भिंतीवर पाडायच्या काळापासून ते आजच्या लॅपटॉपपर्यंत सगळं यांच्या हाताखालून गेलं, आणि निवृत्त होऊन औंढ्यापलीकडच्या आमच्या गावी आले ते पेन्शन आणि राग घेऊनच. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो आणि जमेल तेवढं लांबून म्हणतो.

भाऊंचं म्हणणं एका स्लाइडवर एकच गोष्ट, आणि अक्षर एवढं की शेवटच्या सतरंजीवरच्या म्हातारीला चष्म्याविना वाचता यावं. ही म्हातारी नुसती बोलण्यापुरती नव्हती हो. शेजारच्या मावशींना ते खरोखर पडवीच्या पार टोकाला बसवत आणि भिंतीवर पाडलेलं वाचायला लावत. मावशी अडखळल्या की स्लाइड रद्द. तिकडे त्यांची भाकरी करपली तरी यांना काही नाही. गिरक्या घेत येणारी अक्षरं दिसली की यांचं डोकंच फिरे. पुतण्याच्या साखरपुड्यात पडद्यावर फोटो गरगरत यायला लागले, तर हा माणूस भरल्या ताटावरून उठला. मुलीच्या बापाला वाटलं आमटीत काहीतरी पडलं. ते बिचारे वाढप्यावर ओरडत बसले. एकदा खतवाला साहेब देवळात आला आणि पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचून दाखवू लागला. भाऊ उभे राहिले. “साहेब, लिवलेलं आमाला वाचता येतंय. मग तुमी कशापायी आलाय?” तो साहेब पुन्हा गावात फिरकला नाही, आणि त्याच्याबरोबर खताची सवलतही गेली. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

मग गेल्या वर्षी लोणावळ्याला जाणारी सकाळची एसटी बंद झाली. अकरावी-बारावीच्या पोरी चालत निघू लागल्या, आणि गावाबाहेरच्या वळणावर फिरायला आलेल्यांच्या गाड्या अशा सुसाट येतात की रस्ता जणू त्यांनीच बांधून घेतलाय. एकच एसटी कोणत्या गावाला द्यायची हे ठरवायला एसटीच्या साहेबांनी वडगावला बैठक लावली. प्रत्येक गावाला दहा मिनिटं. भाऊंनी तीन आठवडे खपून सहा स्लाइड केल्या. पहिलीवर एकही अक्षर नव्हतं. धुकं, वळण, दप्तरं घेतलेल्या चार पोरी आणि त्यांना अगदी चाटून जाणारी गाडी. मावशी पडवीच्या टोकावरून म्हणाल्या, “ती कडंची आमची सोनी हाय.” एवढं बोलून त्या उठून आत गेल्या. भाऊ म्हणाले, झालं, आता हात लावायचा नाही.

हात मी लावला. लॅपटॉप माझा, पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये. बैठकीच्या सकाळी गावची मोठी माणसं दारात उभी: आमचे फोटो कुठायत? मानपान नको का? नाहीतर आम्ही काही येत नाही. आणि गाव आलं नाही तर साहेबांना काय दिसणार, असं मला वाटलं. मी शाळेत शिकवते, मला कळायला हवं होतं. पण मी बसले आणि सुरुवातीला चौदा स्लाइड घातल्या: सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, देवस्थानचे, दूध डेअरीचे, सगळे फुलांच्या चौकटीत. भाऊंना सांगितलं नाही.

बैठकीत भाऊंनी बटण दाबलं आणि सरपंच आले. टाळ्या. पुढचं दाबलं, उपसरपंच. टाळ्या. नवव्याला एकजण उठून विचारायला लागला, की माजी सरपंच अजून कसे आले नाहीत. भाऊ नुसते दाबत होते. चौदावा फोटो गेला, वळणावरच्या पोरी आल्या, आणि साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, वेळ संपली, पुढचं गाव. एसटी दुसऱ्या गावाला गेली. आमचे मानकरी मात्र फोटो छान आले म्हणत घरी परतले. त्यांची मला अजून चीड येते, आणि त्यांच्यापेक्षा माझी जास्त.

वाटलं, आता भाऊ घर डोक्यावर घेतील. घ्यायलाच हवं होतं. पण ते माझ्यावर ओरडलेच नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. “चहा ठेव” म्हणायचे, तेही हळू. मावशींना पडवीत बसवणं बंद झालं. कुणाच्या लग्नात अक्षरं गिरक्या घेत आली तरी हे मान खाली घालून जेवायचे. वर्षभर मी त्यांच्या शिव्यांची वाट बघितली.

परवा पुन्हा बैठकीचं पत्र आलं. मी एकटीनं पाच स्लाइड केल्या, मानकऱ्यांना दारातूनच परत पाठवलं आणि भिंतीवर पाडून भाऊंना दाखवल्या. त्यांनी पाचही बघितल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे वळले.

“ही अक्षरं हायत का मुंग्या? मास्तरीण हायस ना तू? ऊठ तितनं. आन् मावशीला हाक मार.”

मी उठले. हाक मारायला दारापर्यंत गेले, पण त्यांची पुढची शिवी ऐकायला तिथंच थांबले. मागून भाऊ ओरडले, “आगं, मार की!”