ठणठणीत

गल्लीत तिला सगळे सुईमावशी म्हणत. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. निम्म्या गल्लीच्या हाताला तिने कधी ना कधी सुई टोचलेली. हात हलका आणि तोंड बंद, अशी तिची ख्याती. कुणाचा रिपोर्ट काय आला, हे ती नवऱ्यालासुद्धा सांगत नसे.

एकदाच चुकली. मोठ्या जाऊबाईंनी शेजारच्या मुलाबद्दल विचारलं, तेव्हा सहज बोलून गेली, "ठणठणीत आहे हो, वहिनी." चांगलंच तर सांगितलं, त्यात कुणाचं काय बिघडलं? तिथेच तिने दुखणं विकत घेतलं.

परवा जाऊबाईंनी शिंप्याच्या मुलीला लॅबमधून बाहेर पडताना पाहिलं. त्यांच्या भाच्यासाठी हीच मुलगी जवळजवळ ठरलेली.

"काय निघालं गं तिचं?"

"मी कुणाचं सांगत नाही, वहिनी."

"त्या मुलाचं बरं सांगितलंस."

मुलीला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. नव्या नोकरीसाठी करतात त्या साध्या तपासण्या. पण आज हिला बरी म्हटलं, तर उद्या जिच्याबद्दल गप्प बसावं लागेल, तिचं काय? ती गप्पच राहिली. जाऊबाईंनी लगेच भावाला फोन लावला, "ही मुलगी नको."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाब विचारला, तर जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "तू कुठे काय बोललीस? मीच समजून घेतलं." आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी मुलगीच दारात आली.

"मावशी, काय सांगितलंत तुम्ही?"

"काहीच नाही गं. तू हो म्हण, आत्ता जाऊन सांगते तुला काही नाही म्हणून."

"नका सांगू. माझ्या रक्ताचा दाखला मी का देत फिरू?" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही त्या मुलाचंच सांगायला नको होतं."

ती गेली. मावशीला स्वतःचाच इतका राग आला की हातातलं भांडं तिने ओट्यावर आपटलं. आवाज ऐकून जाऊबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या.

"शिंप्याची मुलगी ना? काय म्हणत होती?"

"काही नाही," मावशी म्हणाली.

जाऊबाईंनी सगळं कळल्यासारखी मान हलवली.