आई, शिकारी आणि रानडुक्कर

पाय मोडला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि पांढुर्ण्यात दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेऊन एकटी राहत होते. सावरगावहून परत येताना पुलाच्या उतारावर गिट्टी पसरलेली होती. स्कूटी घसरली आणि नडगीचं हाड दोन ठिकाणी तुटलं. नागपूरच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं. मी नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या खिडकीवर बसते. तिथं रोज शंभर माणसांशी बोलायची सवय, आणि एकदम समोर फक्त भिंत.

आई रामाकोन्याजवळच्या आमच्या गावाहून माझं करायला आली. आई म्हणजे उभा जन्म लोकांच्या शेतात गेलेली बाई. निंदण, कापूस वेचणी, हंगामात संत्र्याची तोड. माझ्याकडे दोन माणसांचा स्वयंपाक सकाळी नऊलाच आटोपायचा. मग ती अंगण दुसऱ्यांदा झाडायची, धुतलेली भांडी परत धुवायची आणि दारात बसून राहायची. आमच्यात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. मी अकराव्या वर्षी होस्टेलवर गेले, ती शेतावर. नंतर भेटलो ते सणावारापुरतं. आता दोघी एका खोलीत दिवसभर, आणि 'जेवली का', 'गोळी घेतली का' यापुढे गाडी सरकत नव्हती.

पुण्याला नोकरीवर असलेला धाकटा भाऊ मला बघायला आला, त्यानं आपला जुना लॅपटॉप माझ्या पलंगावर ठेवला. त्यात एक खेळ घालून दिला. जगभरातली माणसं इंटरनेटवरून एकाच वेळी तो खेळतात. खोटा देश, खोटी गावं, जंगलं, राक्षस, आणि त्यात आपलं एक माणूस.

"शिकारी घे ताई," तो म्हणाला. "एकट्या माणसाले थोच बरा. सोबतीले जनावर असते."

मी शिकारी घेतला. लांब दाढीचा, खांद्याला धनुष्य. भाऊ परत गेला आणि मी कामाला लागले. खरंच कामालाच. इतके कोल्हे मारा, इतकी कातडी आणा, लेव्हल वाढवा. मी ते ऑफिसच्या फायलींसारखं निपटत होते. दहाव्या लेव्हलला जंगली जनावर माणसाळवायची विद्या मिळाली. समोर जे पहिलं दिसलं ते मी धरलं. ते रानडुक्कर निघालं.

त्याच वेळी आई चहा घेऊन आली. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. शिकाऱ्याच्या मागं डुक्कर तुरुतुरु चालत होतं.

"हे काय वं? डुक्कर पाळलं तू?"

"हो. आता ते माझ्यासाठी लढते."

"बाप्पा!" ती मटकन पलंगाच्या कडेला बसली. "आमी रातभर डबे वाजवून ज्यायले हाकलतो, थे तू घरात घेतलं?"

मला हसू आलं. तीही हसली. प्लास्टर घातल्यापासून आम्ही दोघी एकत्र हसलो ती पहिली वेळ. चहा संपला तरी ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, "लाव तुयं डुक्कर." मी लावलं. अर्धा तास ती बघत होती. मी एकाच माळावर उभी राहून लांडग्यांमागून लांडगे मारत होते.

"नुसतं मारतच राहते का हा?"

"लेव्हल वाढवून राहिली मी, आई. वाढल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

"कोन म्हन्ते? थो रस्ता त चालला पुढं. त्या डोंगरामांगं काय हाये?"

मला माहीत नव्हतं. खरं तर मी विचारच केला नव्हता. मी लांडगे सोडले आणि शिकाऱ्याला रस्त्याला लावलं. डोंगरामागं पाणचक्की असलेलं गाव होतं, त्याच्या पुढं पिवळ्या गवताचा प्रदेश, मग बर्फ. नवीन प्रदेशात पाऊल टाकलं की स्क्रीनवर त्याचं नाव उमटायचं आणि नकाशाचा तेवढा तुकडा उजळायचा. आईला ते फार आवडलं. नकाशा उघडायला लावून ती काळ्या राहिलेल्या जागांवर बोट ठेवायची. "आता अथी जाऊ."

तिची नजर माझ्यापेक्षा तेज होती. मी रस्ता बघायची, ती झाडोरा बघायची. "थांब, थांब. त्या झुडपात काही तरी हाललं." खरोखर तिथं वाघ दबा धरून असायचा. कापसाच्या ओळीत साप बघत बघत चाळीस वर्षं काढलेली बाई ती.

एका गोष्टीवर मात्र ती चिडायची. शिकारी मेला की त्याचं भूत स्मशानात उभं राहायचं आणि तिथून धावत आपल्या देहापर्यंत यावं लागायचं. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं असलं काही चालत नाही. दीक्षाभूमीवरून आणलेल्या पुस्तकांनी तिला अक्षरांइतकंच हेही शिकवलं होतं. "भूत नसते," ती स्क्रीनला ठणकावून सांगायची. "चुकीचं दाखवून राहिले हे." आणि लगेच मला, "पन पळव लवकर. डुक्कर एकलं असन."

प्लास्टरचा महिना झाला असेल. नकाशाच्या खालच्या टोकाला एक निळी कड आहे हे तिनं हेरलं.

"हे निळं काय?"

"समुद्र."

मग तिनं सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ती चौथीपर्यंत शिकली एवढंच मला ठाऊक होतं. चौथीत बाईंनी भिंतीवर देशाचा नकाशा लावला आणि विचारलं, समुद्र कुठं आहे ते कोण दाखवतं? आईनं उठून बरोबर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, शाबास, मोठी झालीस की जाऊन ये. त्या दिवाळीनंतर शाळा सुटली आणि ती वेचणीला जाऊ लागली. "मी नागपूरच्या पुढं कुठीच नाई गेली," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. संत्र्याला यंदा बहर किती आला हे सांगावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, "चल, आजच जाऊ."

पण त्या समुद्राच्या अलीकडे एक घनदाट जंगल होतं. तिथली जनावरं चाळिसाव्या लेव्हलची, आणि आमचा शिकारी अठराव्या. पन्नास पावलं गेलो की काळा बिबट्या यायचा आणि एका झडपेत खेळ खलास. तीन दुपारी आम्ही हेच केलं. कडेकडेनं गेलो, ओढ्यातून पोहत गेलो, डुकराला पुढं घालून गेलो. चौथ्या दुपारी अकराव्यांदा मेल्यावर आई म्हणाली, "राहू दे. नाई जमत." आणि भाजी निवडायला उठली. ते उठणं मला फार लागलं.

मी शिकाऱ्याला जंगलाच्या तोंडाशी उभं करून बसले होते. तेवढ्यात शेजारी एक पांढऱ्या झग्यातला वैद्य येऊन थांबला. म्हणजे कुणीतरी दुसरा खेळाडू, कुठल्या तरी गावचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात खेळाडूंना एकमेकांशी बोलायला चौकट असते, तीत त्यानं इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलं: इतक्या लहान लेव्हलचा माणूस इथं काय करतोय? मघापासून दिसतंय, सारखा मरतोय.

एरवी मी अनोळखी माणसाला उत्तर दिलं नसतं. त्या दिवशी लिहिलं. माझी आई शेजारी बसून बघते. तिला समुद्र बघायचा आहे.

बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं गेला. मग आलं: "मां को बोलो, दस मिनट रुकें."

मी हाक मारली. आई हातात मेथीची जुडी तशीच घेऊन आली. दहा मिनिटांत वैद्यानं आपल्या ओळखीचे चार जण गोळा केले होते. एक अंगभर लोखंड घातलेला ढालवाला, एक हातातून आग सोडणारी बाई, आणि दोघे तलवारवाले. सगळे आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या लेव्हलचे. ढालवाला पुढं झाला, तलवारवाले दोन बाजूंना, आग सोडणारी मागं. शिकारी आणि डुक्कर मधोमध. वैद्य शिकाऱ्याला चिकटून.

"हे कोन?" आईनं विचारलं.

"आपल्याले समुद्रावर नेऊन देतात."

"आपल्याले? कावून? वळखीचे हायेत का?"

"नाही."

जंगलातून आमची वरात निघाली. बिबटे येत होते, ढालवाला ते अंगावर घेत होता. एकदा एक वानर मागून येऊन शिकाऱ्याला भिडलं, जीव जवळजवळ संपला, आणि वैद्याच्या हातातून पिवळा उजेड निघाला. जीव परत भरला. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले. मेथी पलंगभर झाली होती.

मग झाडं संपली आणि वाळू आली.

समोर निळं पाणी, लाटा येत होत्या, जात होत्या. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून त्यांचा आवाज येत होता. दुपारचे तीन वाजले असतील; बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत होता, तो आईला ऐकू गेला नसावा.

"पल्याड काईच नाई दिसत," ती हळूच म्हणाली.

मी शिकाऱ्याला वाळूत बसवलं. ते बघून बाकीचेही पाच जण एका ओळीत बसले. डुक्करही बसलं.

"त्यायले चहा विचार," आई म्हणाली.

"आई, ते खरे नाहीत तिथं..."

"कोनी त हाये ना बसलं, कुठी तरी. विचार."

मी लिहिलं, आई चहाचं विचारतेय. चौघांनी हसल्याच्या खुणा पाठवल्या. एकानं लिहिलं, अद्रक घाला. थोड्या वेळानं त्यांना कामं होती, एकेक जण आईला नमस्ते लिहून निघून गेला. वैद्य राहिला. मी त्याला म्हटलं, तुम्हीही जा, आम्ही बसतो थोडं. त्यानं लिहिलं, "यहां भी जानवर आते हैं. मां आराम से देखें, मैं यहीं हूं."

तो उभा राहिला. आई पाऊण तास बघत होती, आणि तो पाऊण तास उभा होता. तो कोण, कुठला, बाई की पुरुष, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही.

पण आईला ते उपकार तसेच अंगावर ठेवून चैन पडेना. आपल्या गावची संत्री पाठवू म्हणाली, पत्ता माग त्याचा. मी विचारलं. वैद्यानं पत्ता दिला नाही, पण गमतीत लिहिलं, द्यायचंच असेल तर चामडं द्या, मला जोडे शिवायचेत. खेळात मारलेल्या जनावराचं कातडं सोलून घेता येतं, ते एक बटण दाबून. मी आईला सांगितलं आणि आमचं ठरलं.

पुढचे चार दिवस आम्ही पुन्हा त्याच माळावर लांडगे मारत होतो, ज्याला ती कंटाळली होती. पण आता सोलायचं बटण ती दाबत होती. पहिल्या दिवशी बोट चुकून दुसऱ्याच बटणावर पडलं आणि शिकारी नाचायला लागला. "हा काहाले नाचून राहिला?" दुसऱ्या दिवशी तिचा हात बसला. वेचणीचा हात तो. मी मारायच्या आधीच तिचं बोट तयार असायचं. मधेच ती वेचणीच्या गोष्टी सांगायची. बोंडाच्या टोकानं नखाशी चामडी कशी फाटते, संध्याकाळी मीठ-पाण्यात हात बुडवले की कसं झोंबतं. त्या हातांनी मी शिकले हे मला माहीत होतं. ते हात कसे दुखायचे हे मी कधी विचारलं नव्हतं.

चामड्याचा ढीग झाल्यावर खेळातल्या टपालानं आम्ही तो वैद्याला पाठवला. सोबतची चिठ्ठी आईनं सांगितली, मी हिंदीत केली. तिनं सांगितलेलं एवढंच होतं: तुमच्यामुळे पाहणं झालं, तब्येतीला जपा, जेवत जा वेळेवर. दोन दिवसांनी उत्तर आलं. जोडे छान झालेत, मांजींना सांगा.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काडीसारखा झाला होता. आणखी महिनाभर आईनं मला भिंत धरून चालवलं. शिकारी तोवर तिसाव्या लेव्हलला पोचला होता. मग कपाशी फुटली आणि ती गावाला गेली. रामाकोन्याच्या गाडीत बसवून दिलं तेव्हा खिडकीतून म्हणाली, "डुक्कर बदलवू नको." मी बदललेलं नाही, जरी त्याहून जबर जनावरं आता मिळतात.

पुढच्या हिवाळ्यात भावानं आम्हाला पुण्याहून कोकणात नेलं. आईनं लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलं, पाण्यात गेली, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकलं आणि म्हणाली, "खारंच हाये." मग तासभर लाटांकडे बघत बसली. मी तिच्याजवळ वाळूत बसले. मोडलेला पाय थंडीनं ठणकत होता. मनात लॅपटॉप ठेवून जाणारा भाऊ होता, तो पाऊण तास उभा राहिलेला वैद्य होता, तो ढालवाला होता, ती आग सोडणारी बाई होती. आणि 'जाऊन ये' म्हणणाऱ्या आईच्या चौथीच्या बाईही होत्या.