सपाट वाटी

साखर वाटीत भरली की वरची शीग सुरीच्या पाठीनं पाडायची, हे मी सांगलीला आईकडे शिकले. वाटी आपटायची नाही, दाबायची नाही. लग्न होऊन सातारच्या बाजूला शेतकऱ्याच्या घरात आले आणि पहिल्याच दिवाळीत कळलं, की इथं गोडाच्या मापाची शीग पाडणं म्हणजे अपशकुन. त्यातून घरचं माणूस लांब निघालं असेल, तर त्याच्यासाठी शीग राहील तेवढी उंच लावायची. पिठाला आणि तुपाला हा नियम नव्हता. साखरेलाच होता, आणि नानकटाई बिघडते ती नेमकी साखरेनं.

त्या दिवाळीत धाकटे दीर पलटणीतून रजेवर आले होते. इथून थेट लढाईवर जायचं होतं. त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं, बरोबरच्या पोरांना वाटायला डबाभर नानकटाई. घरात गुळाच्या ढेपा रचलेल्या, पण साखर रेशनची. महिनोन्‌महिने बिनसाखरेचा चहा पिऊन आम्ही ती साठवली होती.

पहिल्या घाण्याला पिठीसाखर सासूबाईंनी मोजली. वाटीवर डोंगर. जास्त होतेय म्हटलं, तर देताना हात आखडू नकोस म्हणून त्यांनी मला सुनावलं. चुलीवर पातेल्यात वाळू तापवली, आत थाळी ठेवली, वर निखाऱ्यांचं झाकण घातलं. उघडून बघते तर सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटलेल्या. शेजारीण डोकावून गेली आणि सांगलीच्या सुनेच्या हाताला गुण नाही, असं आळीभर सांगून आली. मोजणारा हात कुणाचा होता हे तिला कुणी विचारलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

साखर आता एकाच घाण्यापुरती उरली होती. मी वाटी भरली आणि सुरी घेतली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"शीग पाडू नगंस. पोरगं लढाईवर निघालंय."

त्या काय म्हणत होत्या ते मला पुरतं कळलं. उद्या काही बरंवाईट झालं, तर ते जन्मभर माझ्या माथी येणार होतं. भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्या माणसाच्या हाती चिकट लगदा देऊन पाठवायचं आणि वर त्याला माया म्हणायचं, हे मला जमणारं नव्हतं.

"आत्याबाई, भावजींचं आयुष्य या वाटीवर ठरत नाही," मी म्हटलं. "नानकटाई मात्र ठरते."

आणि सुरी फिरवली. त्यांनी मनगट सोडलं आणि परसात निघून गेल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

या खेपेला नानकटाई फुलली, वर बारीक भेगा पडल्या. दीर चुलीपाशी बसून गरमगरम खात सुटले, तेव्हा डबा भरायला उरेल की नाही असं झालं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते गेले.

पुढच्या वर्षी तार आली.

मी सख्खा भाऊ गेल्यासारखी रडले. भेटायला बायका येत होत्या, आणि त्यातली एक कधीतरी ते बोलणार हे मला ठाऊक होतं. बोलली ती शेजारीणच. नव्या सुनेनं शीग पाडली होती म्हणे, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. मी उत्तर द्यायला उठले. सासूबाईंनी पदर ओढून मला खाली बसवलं. तार आल्यापासून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"माझ्या लेकाला गोळी लागली," त्या म्हणाल्या. "गोळी काय वाटी बघून येती व्हय? जाताना त्यो पोटभर खाऊन गेला, ते हिच्या हातचं. माझं केलेलं त्याच्या तोंडात बी गेलं न्हाई."

शेजारीण उठली, आणि तिला बस म्हणायला आमच्यातलं कुणी उठलं नाही.