पालीचं मडकं

दोस्तांनो, आज स्वतःचीच लाज वाटून राहिली.

पुण्याच्या पुतणीनं तिची पाळीव ठिपकेदार पाल चार दिवसांसाठी माझ्याकडं ठेवली. "काका, पेटीतलं मडकं काढू नका बरं, ती त्यात लपते," एवढंच सांगून गेली.

आज आमच्या जवळा बाजार गावचा आठवडी बाजार. गिऱ्हाइकांना पाल दिसावी म्हणून मी मडकं काढलं अन् काचेची पेटी माझ्या हॉटेलच्या काउंटरवर मांडली. लोक काचेवर टिचक्या मारत होते, पाल कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मी हसत व्हिडिओ काढत होतो.

भाजीवाली आजी म्हणाली, "काहून रे? आमी तं अंड्यावर बसलेल्या कोंबडीलाबी आडोसा देतो."

मडकं परत ठेवलं. पाल आत शिरली, ती अजून बाहेर आली न्हाई.

आत्ता पुतणीचा फोन आला. "काका, बरी आहे ना ती?" मी "व्हय" म्हणालो.

खरं सांगायची हिंमत झाली न्हाई. माझी प्रत्येक पोस्ट ती वाचते, म्हणून इथं लिहून राहिलो.