कळसाडीहून आणलेली मोहर

मी जन्माचा भित्रा माणूस. अमळनेरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो, आणि घरात पाल दिसली तर आधी बायकोला हाक मारतो. तरीही गेल्या आश्विनात, तापाच्या साथीने खानदेशात घरंच्या घरं अंथरुणाला खिळलेली असताना, मी शहाद्यापलीकडे कळसाडीला जाऊन आलो. जुन्या सोन्याच्या नाण्यांचं वेड वाईट.

कापसाची दलाली करणाऱ्या एका स्नेह्याने कळसाडीतल्या एका मोहरेचा लाखेवर उठवलेला ठसा मला आणून दिला होता. कंपनी सरकारची मोहर, सिंह आणि मागे ताडाचं झाड. तशा मोहरा मी पाहिल्या होत्या, पण या सिंहाचं तोंड उलट्या बाजूला होतं. टांकसाळीत नवं नाणं सुरू करण्याआधी नमुन्याचे थोडे नग पाडून बघतात आणि पसंत पडले नाहीत तर साचा मोडून टाकतात. हा तसलाच नापसंत नमुना असणार! ताप लागेल ही धास्ती होतीच, पण कुणी सोनार ती मोहर आटवून टाकेल ही त्याहून मोठी. बायकोने गळ्यात कापराची पुडी बांधली आणि दार लावून घेतलं.

नंदुरबारला गाडीतून उतरलो तर फलाटावर निम्म्या लोकांनी तोंडाला फडकी बांधलेली. कुणी खोकलं की सगळे माना वळवत. तांगेवाल्याने तापीकाठच्या प्रकाशा गावापर्यंत सव्वा रुपया सांगितला, एरवीच्या दुप्पट, आणि मी मुकाट्याने दिला. तापी अजून भरून वाहत होती. नावेला माणशी दोन आणे. पलीकडे सुखलाल नावाचा दमणीवाला भेटला, हलकी बैलगाडी हाकणारा. तो पुढचे दोन दिवस माझ्याबरोबर होता. मुक्काम शहाद्याच्या धर्मशाळेत केला. खाणावळीत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा मिळाला. चव अप्रतिम होती, पण वाढणाऱ्याचे डोळे लालसर दिसले आणि मी अर्धी भाकरी ताटात टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळसाडी. दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं फुटलेली आणि वेचायला शेतात माणूस नाही. सुखलाल वेशीवरच थांबला, गावात शिरेना. म्हणाला, "मी मझार येनार नही. तुम्ही जाई या."

मोहर आत्माराम नावाच्या शेतकऱ्याच्या घरी होती. त्याने मला ओट्यावरही बसू दिलं नाही. गोठ्याच्या आडोशाला नेऊन फडक्यातून नाणं काढलं. मी ते उन्हात धरलं. कडा धारदार, सिंहाची आयाळ केसन् केस स्पष्ट, तोंड उलट्या बाजूला. माझी नजर चुकली नव्हती.

"पन्नास रुपये दे आनि लवकर जाय," तो म्हणाला. "पोरंसले लई मी आजच धानोराले जाई ऱ्हायनू, सासरवाडीले. आठे आते ऱ्हावानी सोय नही." मुलांना घेऊन गाव सोडायची त्याला घाई होती आणि तो सारखा घराकडे बघत होता. आतून एका म्हातारीचा आवाज आला, तसा तो दचकला. माणूस चोरून विकतोय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. मी रुपये दिले आणि वेशीकडे जवळजवळ पळालो.

दमणी शंभर पावलं गेली असेल, तोच मागून आरोळी आली. एक उघडाबंब माणूस काठी घेऊन आमच्या मागे धावत होता. "ओ मास्तर, थांबा! सोनं! सोनं दई द्या!"

माझी बोबडी वळली. भरदिवसा लूट! मी मोहर गालात टाकली आणि सुखलालच्या पाठीवर बुक्क्या मारत, "हाक, हाक!" एवढंच कसंबसं ओरडलो. बैल उधळले. तो माणूस बराच वेळ धावत राहिला, मग वाटेतच गुडघ्यांवर बसला. मी पार तापीच्या काठापर्यंत तोंड उघडलं नाही.

नाव लागलेलीच होती. मी नाणं तळहातावर काढलं आणि सुखलाल दोन पावलं मागे सरला.

"मास्तर, ते तोंडमा धरं व्हतं तुम्ही?"

"मग? लुटारूच्या हाती देऊ?"

"तो लुटारू नव्हता. त्या गावमा एकच सोनं शे. मानूस मराले टेकना म्हंजे ते आत्मारामना घरथून आनतस, जीभवर ठेवतस, मंग धुई परत देतस. आवंदा तर रोज लागी ऱ्हायनं. कोनी तरी जाई ऱ्हायनं व्हई, म्हनीसन तो धावना."

मी ओरडलोच त्याच्यावर. "मग थांबवली का नाहीस दमणी?"

"तुम्हीच म्हनात ना, हाक, हाक! आनि मालेबी भीव वाटनं." त्याने मान खाली घातली.

सूर्य अजून बराच वर होता. अंधार पडायच्या आत परत कळसाडीला पोचता आलं असतं. पण माझ्या तोंडात मरणाऱ्यांच्या जिभेवरचं सोनं तासन् तास बसलं होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी नदीच्या पाण्याने वीस-पंचवीस चुळा भरल्या. नाववाल्याने हाक मारली आणि मी नावेत चढलो.

घरी दहा दिवस बाहेरच्या खोलीत एकटा राहिलो. मुलीला जवळ येऊ दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाच्या काढ्याने गुळण्या करायच्या आणि कपाळाला हात लावून बघायचं, एवढाच उद्योग. ताप काही आला नाही. अकराव्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. ती मोहरेकडे बघून एवढंच म्हणाली, "परत देऊन या."

साथ ओसरली आहे. मोहर अजून डबीतच आहे. असा नमुना दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही, पण तिच्याकडे बघवत नाही. दोनदा नंदुरबारचं तिकीट काढलं आणि दोनदा स्टेशनावरून परत आलो.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल तर खुशाल जा. वाटेत लुटारू नाहीत, नावेला दोन आणे पडतात, कळण्याची भाकरी चुकवू नका. मात्र निघण्याआधी माझ्या घरी या, एक लहानशी पुडी द्यायची आहे. ती आत्मारामच्या हाती नको, त्या घरातल्या म्हातारीच्या हाती द्या. त्या दिवशी गावात कोण मरत होतं ते विचारू नका, आणि विचारलंतच तर मला सांगू नका.