गावाने टाकलेली ओवाळणी

"ये गं, ओवाळ भावाला," जाऊ म्हणाली आणि निरांजनाचं ताट तिनं माझ्या मुलीच्या हातात दिलं.

एसटी चालू करून ठेवलेली होती. कंडक्टर घाई करत होता. माझा पुतण्या नवा लोकरी कोट घालून पायरीपाशी उभा होता, गळ्यात झेंडूचा हार, हातात नारळ. तो शाळेच्या सहलीबरोबर काठमांडूला निघाला होता. त्या जागेवर माझी मुलगी जाणार होती. तिच्या नावानं गोळा झालेल्या पैशावर तो चालला होता. स्टँडवर जमलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, आणि सगळे हसतमुखानं बघत होते. मी ताट हिसकावून घ्यायला पुढं झाले, तेवढ्यात मालकांनी माझा दंड धरला. मुलीनं पुतण्याला कुंकू लावलं, ओवाळलं, ताट जावेला परत दिलं आणि घराकडं चालू लागली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

ही बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट आहे.

आमचं गाव काष्टीच्या बाजूला. घरात दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि चूल एक. रान वाटलेलं होतं, मालक आपली शेती बघायचे. धाकटे दीर साखर कारखान्यात स्लिपबॉय होते. कुणाच्या उसाला तोड कधी द्यायची ती चिठ्ठी त्यांच्या हातानं निघायची, म्हणून हंगामात गावातली मोठी माणसंही त्यांना आधी रामराम घालायची. धाकटी जाऊ मला आक्का म्हणायची. तिच्या बाळंतपणात तिचं सगळं मी केलं होतं. तिचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच वर्गात, आठवीत होते. मुलगी पहिली यायची. मुलगा पास व्हायचा.

हायस्कुलात भूगोलाचे एक सर होते. त्यांनी नाताळच्या सुट्टीत नेपाळची सहल काढायची ठरवलं. दौंडहून रेल्वे, मग कुठून कुठून गाड्या बदलत काठमांडू. आमच्या गावाला एक जागा, ती पहिल्या नंबराला. अर्धा खर्च शाळा करणार, अर्धा घरानं द्यायचा. तो अर्धाही एवढा होता की ऐकून मालक उठूनच गेले. शेणानं सारवलेल्या भिंतीवर मुलीनं खडूनं नकाशा काढला होता, तो तिनं पुसला नाही. माझी शाळा चौथीला बंद झाली होती. हिला जाऊ द्यायचं, हे मी मनात पक्कं केलं.

उपाय काढला तो जावेनं. "आक्का, दिवाळी तोंडावर हाय. पोरीला ताट घेऊन गावात फिरवू. पाडव्याला म्हाताऱ्यांना ओवाळंल, भाऊबीजेला पोरांना. ओवाळल्यावर ताटात न टाकता कोन उठंल?"

मला ते पटलं. वर्गणी मागितली असती तर लोकांनी उद्या या म्हणून सांगितलं असतं. ओवाळलेला पुरुष तसं म्हणू शकत नाही. आणि ओवाळणी एकदा ताटात पडली की ती त्या मुलीची. तिला बापसुद्धा हात लावत नाही. आमच्यात तरी असंच होतं.

दोन्ही दिवस मुलगी दारोदार गेली. जाऊ बरोबर होती, निरांजनाला पदराचा आडोसा धरून. पारावर एक म्हातारे आबा बसलेले असायचे. त्यांनी विचारलं, "त्या नेपाळात हाय तरी काय?"

"महादेव हाय, आबा. पशुपतिनाथ," मुलगी म्हणाली.

"महादेव तर आपल्या वेशीपाशी बी हाय. त्याला कुटं रेल्वेचं तिकीट लागतंय?"

"मग ओवाळू का नको?"

"ओवाळ की. आता बसलोयच पारावर, तर उठतो कुटं." कनवटीची नोट काढून त्यांनी ताटात टाकली. बाकीचे हसले, पण त्यांनीही टाकलं. कुणी म्हणालं, परदेशातून मास्तरीण होऊन ये. कुणी म्हणालं, आमच्यासाठी एक याक आण. दिरांनी सगळ्यांसमोर सगळ्यात मोठी नोट टाकली. पुतण्यानंही त्याच्याजवळची पावली टाकली. पैसे पुरले. मालकांनी ते सरांकडं नेऊन दिले.

मार्गशीर्षात मुलगी शहाणी झाली. तेव्हा त्याचा गाजावाजा करायची रीत होती. बायका जमायच्या, मुलीला सजवून बसवायच्या, गोड करायच्या. मी ठरवलं, सहल होईस्तोवर कुणाला सांगायचं नाही. एकदा गावानं ऐकलं की लगेच स्थळं सांगायला लोक येतील, आणि मुलीला कुठं पाठवायची नाही म्हणतील. पण एका घरात एका चुलीवर राहून जावेपासून ते लपणार नव्हतं. मी तिला सांगितलं आणि बजावलंही.

"येडी का काय, आक्का," ती म्हणाली. "माज्या पोटातनं ह्ये भाईर पडायचं न्हाई." त्या चार दिवसांत मुलीचं ताट तिनंच वेगळं वाढलं.

पुढच्या शनिवारी मी काष्टीच्या बाजारात माझी शेळी विकली. मुलीला स्वेटर आणि पायांत काहीतरी घ्यायचं होतं. आमचे कपडे शिवणारा शिंपी बाजारातच बसायचा. त्यानं मला हाक मारली.

"वहिनी, पोराचा कोट तयार हाय बघा. न्हेता का?"

"कुठल्या पोराचा?"

"तुमच्या पुतन्याचा. नेपाळाला जायचाय न्हवं? धाकट्या वहिनी माप देऊन गेल्या, लई गरम कापड हाय."

"नेपाळाला माझी लेक चाललीय."

त्यानं कोट हातात धरून बघितला. "ह्ये काय पोरीचं माप न्हाई, वहिनी," तो म्हणाला आणि घडी घालून कोट परत ठेवून दिला.

स्वेटर घेऊन मी घरी आले. जाऊ पाट्यावर वाटण वाटत होती. कोटाचं विचारलं तर म्हणाली, "थंडी पडलीया म्हनून शिवला. शिंप्याला काय, कायबी बोलतोय." हात थांबला नाही तिचा. मी तिच्यावर विश्वास ठेवला, कारण तोपर्यंत न ठेवायला काही कारण झालं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी सर घरी आले. बरोबर शाळा समितीचे दोघे जण, त्यात ते पारावरचे आबा. दीर पडवीत त्यांच्याशेजारी बसले. सर खाली बघून बोलले, "मुलीला या वेळी पाठवू नये असं समितीचं मत पडलं. लांबचा प्रवास आहे. देवदर्शन आहे. बरोबर एकही बाई नाही. मध्येच अडचण आली तर जबाबदारी कुणी घ्यायची?"

"कसली अडचण?" मी विचारलं.

आबा खाकरले. "आता ते काय आमच्या तोंडानं वदवून घेतीस व्हय, बाई?"

मला आणि मालकांना सोडून ते एकीलाच माहीत होतं. मी मागं बघितलं. जाऊ चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"बरं," मी म्हणाले, "मुलगी जात नाही. तिचे पैसे परत द्या."

"पैसे गावाने दिलेत," सर म्हणाले.

"गावानं ओवाळणी टाकली. माझ्या मुलीनं कुंकू लावलं तेव्हा टाकली. ताटातला पैसा परत घेतात का कधी, आबा? तुम्ही घेतलाय?"

"गावचं लेकरू परदेशात जाईल म्हनून टाकला," आबा म्हणाले.

मग दीर बोलले, अगदी गोडीत. "वहिनी, जागा फुकट घालवायची का? आपल्या घरचंच पोर जातंय. ही काय अन् तो काय."

तेव्हा मला कोट कळला. आधी माप दिलं गेलं, मग समितीचं मत पडलं. मी मालकांकडं बघितलं. "अहो, तोंड उघडा की."

मालक तंबाखू मळत होते. "जाऊ दे," म्हणाले. "आपल्या उसाला अजून तोड मिळायचीया." धाकट्या भावाकडून चिठ्ठी मिळावी म्हणून ते गप्प बसले. पडवीत बसलेल्या प्रत्येकाचा ऊस उभा होता. एकानंही माझी बाजू घेतली नाही. चहा पिऊन सगळे गेले.

मुलगी आतून ऐकत होती. तिनं मला एवढंच विचारलं, "आई, माझ्यानं नेपाळ बाटणार हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांना पोरगा पाठवायचाय."

मी जावेला एकटीला गाठलं. तिनं नाकारलं नाही. "सांगितलं मी. कुटं चुकलं? तुमची पोर कायम पयली. माज्या पोराला सगळे त्याच्यावरनं बोलत्यात. त्यानं एकदा म्होरं गेलेलं मला बघायचं हुतं. पोरीचं काय, आक्का, आज ना उद्या चूलच फुंकायचीया."

"मग ओवाळणीची कल्पना का काढलीस?"

"तवा माज्या मनात काय न्हवतं," ती म्हणाली. ते खरं असेल. त्यानं माझा राग कमी झाला नाही.

पुतण्या पंधरा दिवसांनी परत आला. बर्फाचा डोंगर लांबून दिसला म्हणाला. गाडीत बराच वेळ झोपल्यामुळं मधलं त्याला काही सांगता येईना. मुलीनं त्याला गावांची नावं विचारली. दोन-तीन सांगून तो खेळायला पळाला. तिच्यासाठी त्यानं हिरव्या मण्यांची माळ आणली होती. तिनं ती वासराच्या गळ्यात बांधली. जाऊ त्यावरून रडली, दीर ओरडले. मी माळ सोडवली नाही.

आमच्या उसाला त्या वर्षी लवकर तोड मिळाली.

मी वेगळी चूल मागितली. मालक नाही म्हणाले. मग एकाच चुलीपुढं आम्ही दोघी तीसेक वर्षं बसलो. कामापुरतं बोललो. मीठ दे, पाणी घे, दार लाव. मुलगी मॅट्रिकला केंद्रात पहिली आली. त्या उन्हाळ्यात तिच्या बापानं तिचं लग्न करून दिलं. नेपाळचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. तिच्या मुलीला शाळेनं कुठं न्यायचं म्हटलं तर ती कुणाकडं मागायला जात नाही आणि कुणाला सांगतही नाही. गाडी सुटल्यावर मला कळवते.

जाऊ गेली तेव्हा तेराव्याला बायका म्हणाल्या, दोघी जावा बहिणींसारख्या राहिल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. मालक आधीच गेले होते, दीरही गेले होते. सर आणि आबा कधीच गेले. ज्यांच्यावर हे बेतलं त्या आम्ही दोघी, मी आणि माझी मुलगी, अजून आहोत.