पस्तीस टक्क्यांचा ब्लाउज

साक्षात ब्रह्मदेव जरी माणसं घेऊन आमच्या आत्यापुढे उभा राहिला असता, तरी निम्मी तिनं त्याला परत न्यायला लावली असती. परदेशात शर्ट पाठवणाऱ्या मुंबईच्या कंपनीत ती तयार माल तपासणारी चेकर होती. कंपनी बंद पडली तशी रत्नागिरीला येऊन तिनं मांडवीला शिवणक्लास काढला. पण तिच्या डोक्यातली कंपनी चालूच राहिली. क्लासात मार्क नव्हतेच. पास, नाही तर रिजेक्ट! कपडा उलटा करून ती दोन्ही हातांनी शिवण ओढायची, आणि टर्रकन आवाज आला की कपडा टोपलीत. "बाई, पस्तीस टक्के तरी द्या," असं एक पोरगी रडवेली होऊन म्हणाली, तर आत्या म्हणते, "पस्तीस टक्के ब्लाउज घालून बाजारात जाशील काय गो? उरलेल्या पासष्टाचं काय?"

घरात तरी सुटका? छे! चतुर्थीला आईचे चाळणीभर मोदक तिनं कळ्या सारख्या नाहीत म्हणून बाजूला काढले. "हे देवाला नकोत, घरात खपवा." एका लग्नात तर आहेर देता देता तिनं नवरदेवाच्या सफारीची कॉलरच उलटी करून पाहिली आणि नवरीच्या आईला विचारलं, "ह्याला पास कुणी केला?"

अशा बाईकडे मी शिकायला गेले ती जिवावर उदार होऊन. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून टाकलं होतं, मेपर्यंत पास झालीस तर शिलाई मशीन, नाही तर लग्न. लोटे गावच्या कंपनीतला एक मुलगा त्यांनी हेरूनही ठेवला होता. मला लग्नाचं नाव काढलं तरी कापरं भरायचं.

शेवटच्या परीक्षेचा ब्लाउज आत्याच्याच मापाचा असे. तो घालून ती मासळीबाजारात जायची. भाव करून येईपर्यंत शिवण टिकली तर पास. माझ्या वेळी मी देव पाण्यात घालून, पिशवी घेऊन मागोमाग. बांगड्यांचा भाव ऐकून आत्याचा उजवा हात जो वर गेला, तो काखेतली शिवण फाडूनच. मासेवाली म्हणाली, "बाय, हात खाली घे, देते तुझ्या भावात!"

घरी आप्पा बसलेच होते.

"रिजेक्ट," आत्या म्हणाली.

मला रडू फुटलं. आप्पांनी लगेच खिशातून मुलाचा फोटो काढला.

"तो आत ठेव, बाळ्या," आत्या गरजली. "रिजेक्ट माल मी गेटाबाहेर सोडत नाही. ही पास होईस्तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही."

"अगो अक्का, पण पास कधी होणार?"

"ते चेकर ठरवील."

थोरल्या बहिणीपुढे बोलायची आप्पांची काय बिशाद!

पुढे दोनेक वर्षं मी तिच्याकडे सुखानं रिजेक्ट होत राहिले. मग एकदा ती बाजारातून आली, हात वर करून मला काख दाखवली, "पास" म्हणाली आणि जी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मीही मशीनवर डोकं टेकून रडले. त्या दिवशी एक शिवण जरा कच्ची घालायला हवी होती, असं अजून वाटतं.